सॉल मरँट्झ

सॉल बर्नार्ड मरँट्झ (जन्म : न्यू यॉर्क, ७ जुलै १९११, मृत्यू : १६ जानेवारी १९९७) हे अमेरिकन ध्वनियंत्रनिर्माते व उद्योजक होते. तबकड्यांवरील संगीत घरी मनासारखे ऐकता यावे, म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी राहत्या घरी स्वतःच्या हातांनी एक प्रीअँप्लिफायर तयार केला आणि काही वर्षे तो सातत्याने सुधारत नेला. १९५२ साली हे उपकरण 'ऑडिओ कन्सोलेट' या नावाने विक्रीस आले. त्यातून १९५३ मध्ये मरँट्झ कंपनी उभी राहिली. या कंपनीचा 'मॉडेल ७' हा स्टिरिओ प्रीअँप्लिफायर निर्वात नलिकांच्या काळातील सर्वोत्कृष्ट प्रीअँप्लिफायरांत गणला जातो. हाती घेतलेले उपकरण पूर्णत्वास नेल्याखेरीज न थांबण्याच्या वृत्तीमुळे मरँट्झ यांना कीर्ती मिळाली. त्याच वृत्तीमुळे कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि १९६४ साली त्यांना ती विकावी लागली.

पूर्वायुष्य

सॉल मरँट्झ न्यू यॉर्क शहरात लहानाचे मोठे झाले. विजेच्या व रेडिओच्या उपकरणांचे त्यांना लहानपणापासून आकर्षण होते. मात्र त्यांचा व्यवसाय अभियंत्याचा नव्हता. ते आलेखनकार, म्हणजे ग्राफिक डिझायनर होते. उपकरणाचे बाह्यरूप, त्यावरील अक्षरांची मांडणी आणि बटणांचा परस्परांशी असलेला तोल यांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी या व्यवसायात घडली आणि ती पुढे त्यांच्या प्रत्येक उपकरणात दिसून आली. ते संगीताचे रसिक होते व हौसेने गिटार वाजवीत. चिनी व जपानी कलावस्तूंचा संग्रह करण्याचाही त्यांना छंद होता.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन सैन्यात पॅसिफिक आघाडीवर सेवा बजावली. युद्ध संपल्यावर ते पत्नी जीन यांच्यासह न्यू यॉर्क शहराच्या क्वीन्स विभागातील क्यू गार्डन्स येथे स्थायिक झाले.

मोटारीतील रेडिओ

मरँट्झ यांच्याकडे १९४० सालच्या बनावटीची मर्क्युरी मोटारगाडी होती. तिच्यातील रेडिओ त्यांना घरात वापरावासा वाटला. १९४५ मध्ये त्यांनी तो गाडीतून काढून घरात बसविला. हे काम दिसते तितके सोपे नव्हते. त्या काळच्या अमेरिकन गाड्यांतील रेडिओ ६ व्होल्टच्या बॅटरीवर चालत. घरातील वीज ही सुमारे ११५ व्होल्टची आणि प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला ६० वेळा आवर्तन करणारी होती. त्यामुळे रेडिओसाठी वेगळा वीजपुरवठा बांधणे भाग पडले आणि पुढे त्याला जोडून इतर इलेक्ट्रॉनिक भागही तयार करावे लागले. एक भाग सुधारला की त्याच्या शेजारच्या भागातील उणीव ऐकू येऊ लागे. या खटाटोपातून मरँट्झ यांचा जुना छंद पुन्हा जागा झाला आणि हळूहळू त्याने त्यांचा बराचसा मोकळा वेळ व्यापला.

त्या वर्षांत अमेरिकेत असे हौशी तंत्रज्ञ अनेक होते. युद्धात रेडिओ व रडार यांचे शिक्षण घेतलेले तरुण घरी परतले होते आणि युद्धसामग्रीतील शिल्लक सुटे भाग स्वस्तात मिळत होते. १९४७ साली 'ऑडिओ इंजिनिअरिंग' हे मासिक सुरू झाले आणि त्याच वर्षी इंग्लंडमधील 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांचा गाजलेला अँप्लिफायर मंडलाकृतीसह प्रसिद्ध झाला. चांगला आवाज हवा असेल, तर तो देणारे यंत्र स्वतःच जुळवावे लागे. 'हाय-फाय' या नावाने पुढे ज्याचा मोठा उद्योग झाला, त्याची सुरुवात अशा घरगुती कार्यशाळांतून झाली.

एलपी तबकडी आणि इक्वलायझेशनचा प्रश्न

१९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी, सूक्ष्म खाचांची एलपी तबकडी बाजारात आणली. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर चार-पाच मिनिटांचे संगीत मावे. एलपीच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक मावू लागले. पृष्ठभागाची खरखरही कमी झाली. मरँट्झ यांना मात्र आपल्या तबकड्यांमधील सर्व संगीत कानांपर्यंत पोहोचते आहे, असे वाटेना. बाजारातील प्रीअँप्लिफायरांनी त्यांचे समाधान झाले नाही.

या असमाधानाचे कारण तबकडी कापण्याच्या पद्धतीत होते. खर्जाचे स्वर आहेत तसे कापले, तर खाच दोन्ही बाजूंना इतकी रुंद झुलते की शेजारच्या खाचेत शिरते आणि तबकडीची जागाही लवकर संपते. तार स्वर आहेत तसे कापले, तर ते पृष्ठभागाच्या खरखरीत बुडून जातात. म्हणून ध्वनिमुद्रण करताना खर्ज मुद्दाम कमी केला जातो व तार स्वर मुद्दाम वाढविले जातात. तबकडी वाजविताना प्रीअँप्लिफायरने नेमकी याच्या उलट क्रिया करायची असते : खर्ज तितकाच वाढवायचा आणि तार स्वर तितकेच उतरवायचे. या क्रियेला इक्वलायझेशन म्हणतात. ती अचूक झाली, तरच मूळ संगीत परत मिळते.

अडचण अशी होती, की खर्ज कोणत्या कंप्रतेपासून कमी करायचा आणि तार स्वर किती वाढवायचे, याबाबत ध्वनिमुद्रण कंपन्यांचे एकमत नव्हते. कोलंबियाच्या एलपी ५०० हर्ट्झपासून खाली खर्ज कमी करून कापलेल्या असत आणि वाजविताना १०,००० हर्ट्झला तार स्वर १६ डेसिबलने उतरवावे लागत. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने सुचविलेल्या वक्रानुसार हे आकडे ४०० हर्ट्झ व १२ डेसिबल असे होते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांची तऱ्हा आणखी निराळी होती. एका कंपनीच्या तबकडीसाठी जुळविलेल्या यंत्रावर दुसरीची तबकडी कर्कश वाजे, तर तिसरीची घुमट आणि मंद. दोष तबकडीचा आहे की यंत्राचा, हे सामान्य श्रोत्याला कळणे कठीण होते.

ऑडिओ कन्सोलेट

मरँट्झ यांनी हा प्रश्न सोडविण्यासाठी स्वतःचा प्रीअँप्लिफायर बांधण्यास घेतला. या कामात चार वर्षे गेली. त्यांचे मुख्य उत्तर सोपे व तर्कशुद्ध होते. प्रत्येक कंपनीसाठी एक ठरीव बटण देण्याऐवजी त्यांनी खर्जाचा आरंभबिंदू आणि तार स्वरांचा उतार या दोन गोष्टी वेगळ्या केल्या व प्रत्येकीला स्वतंत्र निवडचक्र दिले. दोन्ही चक्रांच्या स्थानांच्या जोड्यांमधून ३६ प्रकारचे इक्वलायझेशन मिळे. त्या वेळी प्रचारात असलेली जवळजवळ कोणतीही तबकडी तिच्या योग्य वक्रानुसार वाजविता येऊ लागली.

वक्र निवडणे ही कामाची एक बाजू होती. दुसरी बाजू शांततेची होती. चुंबकीय पिकअपमधून येणारा विद्युतसंकेत काही सहस्रांश व्होल्टचा असतो. प्रीअँप्लिफायरला तो शेकडो पटींनी वाढवावा लागतो आणि त्याबरोबर वाटेत शिरलेली प्रत्येक अशुद्धीही तेवढीच वाढते. त्यातही खर्जाला जास्तीची वाढ द्यायची असल्याने विजेच्या ६० हर्ट्झच्या आवर्तनाचा गुणगुणाट नेमका तेथेच डोके वर काढतो. रोहित्र संवेदनशील भागांपासून दूर ठेवणे, भूजोडणीची एकच वाट ठरविणे, तारांची लांबी व दिशा बदलून पाहणे, कमी खरखर करणारे रोध निवडणे अशी कामे कागदावरच्या आकृतीत दिसत नाहीत; ती कानाने ऐकून आणि पुनःपुन्हा जुळवून करावी लागतात. शिवाय त्या काळी बाजारात मिळणाऱ्या सर्वसाधारण रोधांचे व धारित्रांचे मूल्य छापलेल्या आकड्याहून दहा-वीस टक्क्यांनी कमीजास्त असे. इक्वलायझेशनचा वक्र अचूक हवा असेल, तर भाग मोजून निवडण्याला पर्याय नव्हता. घरी बांधलेला पहिला नमुना आणि विक्रीयोग्य उपकरण यांमधील अंतर अशा तपशिलांनी भरलेले असते. मरँट्झ यांची चार वर्षे हे अंतर कापण्यात गेली.

घरच्या वापरासाठी बांधलेले हे उपकरण परिचितांनी ऐकले व तसेच आपल्यालाही हवे, असा आग्रह सुरू झाला. पत्नी जीन यांच्या प्रोत्साहनाने मरँट्झ यांनी १९५२ साली 'ऑडिओ कन्सोलेट' या नावाने १०० नग तयार केले. किंमत दीडशे डॉलरच्या आसपास ठेवली होती. केवळ प्रीअँप्लिफायरसाठी ही रक्कम त्या काळी मोठी होती. तरीही वर्षभरात ४०० हून अधिक मागण्या आल्या. घरातील खोलीत एवढे उत्पादन करणे शक्य नव्हते.

मरँट्झ कंपनी आणि मॉडेल १

१९५३ साली मरँट्झ यांनी न्यू यॉर्कमध्ये मरँट्झ कंपनीची स्थापना केली. ऑडिओ कन्सोलेटमध्ये सुधारणा करून त्याला 'मॉडेल १' हे नाव देण्यात आले. मॉडेल १ चा वीजपुरवठा वेगळ्या पेटीत ठेवलेला होता. रोहित्र मुख्य उपकरणापासून दूर गेल्याने गुणगुणाटाच्या एका मोठ्या उगमापासून सुटका झाली.

लवकरच सिडनी स्मिथ हे कंपनीत प्रमुख अभियंता म्हणून आले. कंपनीच्या पुढील यशात स्मिथ यांचा वाटा फार मोठा आहे. मंडलांची रचना प्रामुख्याने स्मिथ यांची असे. उपकरण कसे दिसावे, हाताला कसे वाटावे आणि कोणत्या टप्प्यावर ते पूर्ण झाले असे मानावे, हे मरँट्झ ठरवीत. मरँट्झ यांच्या उपकरणांचे श्रेय देताना हा भेद पुष्कळदा विसरला जातो.

१९५४ साली अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाने 'आरआयएए' या नावाने ओळखला जाणारा एकच वक्र स्वीकारला. त्याचे आकडे ५०० हर्ट्झ आणि १०,००० हर्ट्झला १३.७ डेसिबल असे आहेत. नव्या तबकड्या हळूहळू याच वक्रानुसार निघू लागल्या. ज्या गोंधळातून ऑडिओ कन्सोलेट जन्माला आला, तो गोंधळच मिटण्याच्या मार्गाला लागला. ३६ वक्रांची सोय हे यापुढे विक्रीचे मुख्य कारण राहणार नव्हते. तरीही कंपनी टिकली आणि वाढली. आता एकच वक्र साधायचा होता. तो इतरांपेक्षा अचूक, शांत व निर्मळ साधणे हे मरँट्झ यांचे उद्दिष्ट झाले.

मॉडेल ७

१९५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या सर्वत्र विक्रीस आल्या. मॉडेल १ हा एकाच ध्वनिमार्गाचा होता. ज्यांच्याकडे तो आधीपासून होता, त्यांना दुसरा मॉडेल १ घेऊन दोन्ही एकत्र जोडता यावेत, यासाठी कंपनीने 'मॉडेल ६' हे जोडउपकरण काढले. जुने उपकरण टाकून न देता ते वाढवीत नेण्याची ही सोय हौशी ग्राहकांच्या पसंतीस उतरली.

त्याच सुमारास दोन्ही ध्वनिमार्ग एकाच पेटीत सामावणारा 'मॉडेल ७' तयार झाला. त्यात १२एएक्स७ जातीच्या सहा निर्वात नलिका होत्या. या नलिकेच्या एका काचपात्रात दोन त्रिप्रस्थ असतात. म्हणजे प्रत्येक ध्वनिमार्गाच्या वाट्याला सहा त्रिप्रस्थ येत. त्यांपैकी तीन तबकडीसाठीच्या विभागात आणि तीन पुढील विभागात होते. तबकडीच्या विभागात पहिले दोन त्रिप्रस्थ संकेत वाढवीत आणि तिसरा कॅथोड फॉलोअर म्हणून काम करी. तो संकेताचे व्होल्टमान वाढवीत नाही. पुढील मंडलाचा भार मागील नाजूक टप्प्यावर पडू देत नाही. या तिसऱ्या टप्प्यापासून संकेताचा काही भाग पहिल्या टप्प्याकडे उलट फिरविला जाई आणि या परतीच्या वाटेतच आरआयएए वक्राचे रोध व धारित्रे बसविलेली होती. परतणारा संकेत विकृती कमी करतो आणि त्याच वेळी वक्रही घडवितो. एकाच रचनेतून दोन्ही कामे साधण्याचा हा मार्ग पुढे अनेक निर्मात्यांनी स्वीकारला.

नलिकांचे तंतू प्रत्यावर्ती विजेऐवजी एकदिश विजेवर तापविल्यामुळे गुणगुणाट आणखी कमी झाला. खर्ज व तार यांची नियंत्रणे सलग फिरणाऱ्या बटणांची नसून ठरावीक टप्प्यांच्या चक्रांची होती. त्यामुळे डावा व उजवा ध्वनिमार्ग एकमेकांशी नेमके जुळत. चक्र मधल्या स्थानावर ठेवले की स्वरनियंत्रणाचे मंडल संकेताच्या वाटेतून बाजूला होई. इक्वलायझेशनच्या ३६ जोड्यांच्या जागी आता तीनच स्थानांची एक कळ उरली : आरआयएए, कोलंबियाच्या जुन्या एलपी आणि ७८ फेऱ्यांच्या तबकड्या.

मॉडेल ७ च्या दर्शनी पट्टीवर मरँट्झ यांच्यातील आलेखनकाराची छाप स्पष्ट दिसते. बटणे व कळा दोन्ही बाजूंना समतोल मांडलेल्या असून अक्षरे लहान व नेमकी आहेत. धातूला मंद सोनेरी झळाळी आहे. ध्वनियंत्र हे कपाटात लपविण्याचे अवजार नसून दिवाणखान्यात ठेवण्याजोगी वस्तू आहे, ही कल्पना रुजविण्यात या पट्टीचा वाटा आहे. तिच्या मांडणीचे अनुकरण अमेरिकेत व जपानमध्ये अनेक वर्षे होत राहिले.

पॉवर अँप्लिफायर

प्रीअँप्लिफायरचा संकेत कितीही निर्मळ असला, तरी ध्वनिक्षेपक हलविण्यासाठी शक्तिशाली अँप्लिफायर लागतो. १९५६ साली कंपनीने 'मॉडेल २' हा ४० वॅटचा पॉवर अँप्लिफायर काढला. त्यात ईएल३४ जातीच्या युरोपीय नलिका वापरल्या होत्या आणि कळ फिरवून त्याच नलिका त्रिप्रस्थ पद्धतीने, निम्म्या शक्तीवर चालविण्याची सोय होती. नलिका जुन्या होत जातात तसा त्यांचा प्रवाह बदलतो. तो तपासून पूर्ववत करता यावा, म्हणून उपकरणातच मापक बसविलेला होता. दुरुस्तीच्या दुकानात न जाता मालकाने स्वतः यंत्राची निगा राखावी, ही अपेक्षा त्यामागे दिसते.

यानंतर 'मॉडेल ५', स्टिरिओसाठीचा 'मॉडेल ८' व त्याची सुधारित आवृत्ती 'मॉडेल ८बी' निघाली. १९६० च्या सुमारास आलेला 'मॉडेल ९' हा ७० वॅटचा, एका ध्वनिमार्गाचा अँप्लिफायर होता; स्टिरिओसाठी असे दोन घ्यावे लागत. दर्शनी पट्टीच्या मध्यभागी गोल मापक असलेले हे उपकरण पुढे संग्राहकांच्या विशेष आवडीचे ठरले. एव्हरी फिशर, हर्मन हॉस्मर स्कॉट, फ्रँक मॅकिंटॉश या समकालीन निर्मात्यांच्या तुलनेत मरँट्झ यांची कंपनी लहान होती. तिची उपकरणे थोडी व महाग असत, पण गुणवत्तेच्या चर्चेत तिचे नाव अग्रक्रमाने येई.

मॉडेल १०बी आणि कंपनीची विक्री

१९६१ मध्ये अमेरिकेत एफएम रेडिओवर स्टिरिओ प्रक्षेपण सुरू झाले. तबकडी व अँप्लिफायर यांबाबत जे साधले, ते रेडिओ ग्रहणाबाबतही साधावे, असे मरँट्झ यांनी ठरविले. रिचर्ड सिक्वेरा या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली एफएम ट्यूनरचे काम सुरू झाले. त्यातून 'मॉडेल १०' आणि त्याची सुधारित आवृत्ती 'मॉडेल १०बी' तयार झाली. या ट्यूनरमध्ये एक लहानसा ऑसिलोस्कोपचा पडदा होता. केंद्र नेमके लागले आहे की नाही आणि उंच इमारतींवरून परावर्तित झालेल्या लहरी मूळ लहरीत मिसळत आहेत का, हे त्यावर डोळ्यांनी पाहता येई. त्यावरून अँटेनाची दिशा बदलता येत असे.

मॉडेल १०बी हा नलिकांच्या काळातील श्रेष्ठ एफएम ट्यूनर मानला जातो. पण तो घडविताना खर्चाचे गणित कोलमडले. प्रत्येक अडचण पूर्ण सुटेपर्यंत उपकरण बाजारात न आणण्याच्या शिरस्त्यामुळे संशोधनाचा काळ व खर्च दोन्ही वाढत गेले. लहान कंपनीला हा भार पेलवला नाही. घरच्या टेबलावर चार वर्षे घालविताना मरँट्झ यांचा स्वतःचा वेळ खर्च होत होता. येथे कामगारांचे पगार, सुट्या भागांची देणी व कर्जाचे व्याज दर महिन्याला पुढे उभे राहत होते. त्याच सुमारास ट्रान्झिस्टर नलिकांची जागा घेऊ लागला होता. म्हणजे संपूर्ण उत्पादनच नव्याने उभारण्याची वेळ आली होती.

१९६४ साली मरँट्झ यांनी कंपनी कॅलिफोर्नियातील सुपरस्कोप या कंपनीला विकली. सुपरस्कोपचे प्रमुख जोसेफ टुशिन्स्की हे अमेरिकेत सोनीच्या टेप रेकॉर्डरांचे वितरण करीत. मरँट्झ १९६८ पर्यंत कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहिले. त्यानंतर ते स्वतःचे नाव असलेल्या कंपनीतून बाहेर पडले.

उत्तरायुष्य

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मरँट्झ यांची जॉन डालक्विस्ट यांच्याशी भेट झाली. डालक्विस्ट हे विमान उद्योगातील अभियंता होते आणि त्यांनी एक नवा ध्वनिक्षेपक बांधला होता. तो ऐकून मरँट्झ यांनी त्यांच्यासह डालक्विस्ट कंपनी स्थापन केली व तिचे पहिले अध्यक्षपद स्वीकारले. १९७३ च्या सुमारास आलेल्या 'डीक्यू-१०' या ध्वनिक्षेपकात पाच ध्वनिनिर्माते होते. ते एकाच फळीवर न बसविता निरनिराळ्या अंतरांवर अशा रीतीने मांडले होते, की प्रत्येकाचा आवाज श्रोत्याच्या कानापर्यंत एकाच वेळी पोहोचावा. हा ध्वनिक्षेपक अमेरिकेत लोकप्रिय झाला.

येथे मरँट्झ यांची भूमिका बदललेली दिसते. मूळ कल्पना दुसऱ्याची होती. घरी बांधलेला नमुना उत्पादनापर्यंत नेण्याच्या वाटेवर काय काय आडवे येते, याचा अनुभव त्यांच्यापाशी होता आणि तो त्यांनी आपल्याहून तरुण अभियंत्याच्या पाठीशी उभा केला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते निवृत्त झाले. १६ जानेवारी १९९७ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मरँट्झ नावाचा पुढील प्रवास

सुपरस्कोपच्या काळात मरँट्झ हे नाव सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचले. उत्पादन मोठ्या प्रमाणावर जपानमध्ये होऊ लागले आणि 'मॉडेल २२७०' सारखे ट्रान्झिस्टरवर चालणारे रिसीव्हर १९७० च्या दशकात घरोघरी दिसू लागले. त्यांच्या दर्शनी पट्ट्यांवर मॉडेल ७ च्या मांडणीचे व सोनेरी छटेचे संस्कार राहिले. १९८० साली फिलिप्स कंपनीने अमेरिका व कॅनडा वगळता अन्यत्र मरँट्झ नावाचे हक्क घेतले. २००२ मध्ये मरँट्झ व डेनॉन या कंपन्या डी अँड एम होल्डिंग्ज या नावाखाली एकत्र आल्या. मरँट्झ नावाची उपकरणे आजही तयार होतात. संस्थापकाचा मालक म्हणून या कंपनीशी संबंध मात्र जेमतेम अकरा वर्षांचा होता.

मॉडेल ७ आणि हौशी तंत्रज्ञ

मॉडेल ७ चे मंडल घरी प्रीअँप्लिफायर बांधणाऱ्यांमध्ये आजही प्रचलित आहे. सहा नलिकांची ही रचना समजण्यास सोपी असून तिचे तयार मुद्रित मंडलफलक व सुट्या भागांचे संच विक्रीस मिळतात. अनेक हौशी तंत्रज्ञ आपला पहिला नलिकांचा प्रीअँप्लिफायर याच आकृतीवरून बांधतात. नंतर एकेक भाग बदलून तो सुधारत नेतात : वीजपुरवठा स्थिर करतात, कमी खरखरीचे रोध बसवितात, इक्वलायझेशनची धारित्रे मोजून जोडीने निवडतात, भूजोडणी नव्याने आखतात.

मूळ मॉडेल ७ ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यापुढे वेगळा प्रश्न असतो. त्यातील कागदी धारित्रे कालांतराने गळू लागतात, म्हणजे ज्या एकदिश विजेला त्यांनी अडवायचे तिला ती पुढे जाऊ देतात. वीजपुरवठ्यातील सेलेनियमचे एकदिशकारकही जुने झाल्यावर क्षीण होतात. ते भाग बदलावेत, तर उपकरण सुरक्षित व निर्मळ चालते. न बदलता ठेवावेत, तर संग्राहकांच्या दृष्टीने त्याचे मूल्य अधिक राहते. याबाबत जाणकारांत मतभेद आहेत. अनेक दुरुस्तीकार बदललेले मूळ भाग फेकून न देता उपकरणासोबत जपून ठेवण्याचा सल्ला देतात. १९९० च्या दशकाच्या मध्यास मरँट्झ कंपनीने मॉडेल ७, मॉडेल ८बी व मॉडेल ९ यांच्या प्रतिकृती मर्यादित संख्येने पुन्हा तयार केल्या.

मूल्यमापन

मरँट्झ यांनी प्रीअँप्लिफायरचा शोध लावला नाही. इक्वलायझेशन, उलट फिरविलेला संकेत, कॅथोड फॉलोअर ही तत्त्वे त्यांच्या आधीपासून ज्ञात होती. ज्ञात तत्त्वांवर आधारलेले उपकरण किती काळजीपूर्वक बांधता येते आणि कोणत्या मर्यादेपर्यंत सुधारता येते, हे त्यांनी दाखवून दिले. ऑडिओ कन्सोलेटपासून मॉडेल ७ पर्यंतचा प्रवास पाहिला, तर निवडीच्या सोयी ३६ वरून तीनवर येत गेल्या आणि उरलेल्या प्रत्येक गोष्टीची अचूकता वाढत गेली. मॉडेल १०बी च्या वेळी हीच पद्धत व्यापारात तोट्याची ठरली. तरीही त्या काळी बनलेली उपकरणे साठ वर्षांनंतरही दुरुस्त करून वापरली जातात, यावरून त्यांच्या कामाची प्रत लक्षात येते.

प्रमुख उपकरणे

• ऑडिओ कन्सोलेट (१९५२) – घरी विकसित केलेला, ३६ प्रकारच्या इक्वलायझेशनचा प्रीअँप्लिफायर
• मॉडेल १ – ऑडिओ कन्सोलेटची सुधारित आवृत्ती, वेगळा वीजपुरवठा
• मॉडेल २ (१९५६) – ४० वॅटचा पॉवर अँप्लिफायर
• मॉडेल ६ – दोन मॉडेल १ एकत्र करून स्टिरिओसाठी वापरण्याचे जोडउपकरण
• मॉडेल ७ (१९५८ च्या सुमारास) – सहा नलिकांचा स्टिरिओ प्रीअँप्लिफायर
• मॉडेल ८ व मॉडेल ८बी – स्टिरिओ पॉवर अँप्लिफायर
• मॉडेल ९ (१९६० च्या सुमारास) – ७० वॅटचा, एका ध्वनिमार्गाचा पॉवर अँप्लिफायर
• मॉडेल १०बी (१९६४ च्या सुमारास) – ऑसिलोस्कोपचा पडदा असलेला एफएम स्टिरिओ ट्यूनर
• डीक्यू-१० (१९७३ च्या सुमारास) – डालक्विस्ट कंपनीचा ध्वनिक्षेपक. रचना जॉन डालक्विस्ट यांची